धोंडूबाईचं मशीन

धोंडूबाईबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर दुसरं कुणीतरी शोधा. आमच्या गल्लीत तशी माणसं आहेत. ती सांगतील की बाई सत्तरीला आली तरी ताठ आहे, कुणाचं मिंधेपण घेत नाही, देवाधर्माला चुकत नाही. हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं खरं असूनही मला ती बाई आवडत नाही. लोक तिच्याबद्दल बोलताना मानाने ‘त्या’ म्हणतात. मी ‘ती’च म्हणणार.

निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारींच्या मागे आमची गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर आणि जिथे गल्ली संपते तिथे शेवटचा खांब. त्या शेवटच्या खांबावरून दोनच घरांना वायर गेली आहे, एक धोंडूबाईचं आणि एक आमचं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, दीपंकरचं. आईवडिलांनी याच वखारींतून तंबाखूची पोती वाहिली आणि आम्हाला शिकवलं. मी हायस्कुलात मराठी शिकवते, दीपंकर वीजखात्यात लाईनमन म्हणून लागला. आम्ही दोघांनी मिळून हे घर घेतलं तेव्हा गल्लीत कुणी तोंडावर काही बोललं नाही. धोंडूबाईही बोलली नाही. तिच्या आणि आमच्या घरामध्ये एक अरुंद बोळ आहे आणि दोन्ही घरांच्या खिडक्या त्या बोळात समोरासमोर येतात. आमचं सामान टेंपोतून उतरत होतं तेव्हा तिने आपली खिडकी लावून घेतली, आतून कडी घातली, आणि पुढे कितीही उकडलं तरी उघडली नाही. बोलण्यापेक्षा हे बरं, असं दीपंकर म्हणाला होता. मला तसं वाटलं नाही.

मग तिने मशीन आणलं. जनरेटर हा शब्द आमच्या गल्लीत कुणी वापरत नाही. मशीन म्हटलं की धोंडूबाईचं मशीन. पिवळ्या रंगाचं, पेट्रोलवर चालणारं, खाली दोन चाकं आणि वर धरायला दांडा. तिचा भाचा गोमटेश बेळगावात असतो, त्याने ते गाडीतून आणून दिलं. इन्व्हर्टर घे म्हणून तोही सांगत होता, पण बाईचं म्हणणं, बॅटरी संपली की पुन्हा अंधारच की. मशीन घरात ठेवलं तर धूर कोंडतो, म्हणून ते बोळात ठेवलं. म्हणजे बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. उजेड तिच्या माजघरात आणि धूर आमच्या कढईत, अशी वाटणी झाली.

मी एकदा सांगायला गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

“आक्का, मशीन जरा पुढं सरकवा. धुरानं डोळे चुरचुरतात.”

“मग खिडकी लावून घे की,” ती म्हणाली. तिने वर बघितलंसुद्धा नाही. “मी न्हाय का लावली?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोळ तिच्या नावावर आहे हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

आमच्याकडे लाईट जाण्याला काळवेळ नाही. वारा सुटला तरी जाते, नुसतं आभाळ आलं तरी जाते. गल्ली अंधारात गेली की बोळातून आधी दोरी ओढल्याचा आवाज यायचा, मग मशीन खोकायचं आणि मग जे सुरू व्हायचं त्यात आपल्याच घरातलं बोलणं आपल्याला ऐकू यायचं नाही. तिच्या घरातला एकूण एक दिवा लागायचा. देव्हाऱ्यातला, न्हाणीतला, माळ्यावरचा, ओट्यावरचा. ही बाई धर्माने वागणारी. सूर्य मावळायच्या आत जेवून, भांडी घासून मोकळी होते आणि सूर्य उगवेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. टीव्ही बघत नाही, वाचत नाही. मग हिला एवढा उजेड हवा कशाला? मी सांगते. बाकीच्यांना तो नसावा म्हणून.

ओट्यावर तिने प्लगांचा एक बोर्ड लावून घेतला होता. लाईट गेली की गल्लीतल्या बायका आपापले मोबाईल घेऊन तिच्या ओट्याकडे निघायच्या आणि मध्ये खुर्ची टाकून धोंडूबाई बसायची. कुणाचा फोन आधी लावायचा, कुणाचा काढायचा हे ती ठरवायची. सून सासूला उलटून बोलली असेल तर त्या सुनेचा फोन सगळ्यात शेवटी. शालूबाई आली की, “आत ये की गं, च्या टाकते.” जयाबाई आली की, “बस गं, पाटावर बस.” मी एकदाच गेले होते, शाळेच्या परीक्षेचं काम फोनवर अडलं होतं म्हणून. मला पायरीवर बघून तिने हात पुढे केला. “दे हिकडं, मास्तरीण. मी लावते.” फोन आत गेला, मी बाहेर उभी राहिले. ती काही वाईट बोलली नाही. तिने फक्त ‘आत ये’ म्हटलं नाही. पुन्हा मी गेले नाही. दोन चार्जिंगचे दिवे आणले आणि फळीवर ठेवून दिले.

तिची बाजूही सांगते, नाहीतर गल्लीवाले म्हणतील मास्तरणीने मुद्दाम लपवलं. तिचा नवरा पारिसा तंबाखूच्या अडतीत होता, तो अकाली गेला. घराचा मीटर दिराच्या नावावर. दिराला तिच्या वाटणीच्या दोन खोल्या हव्या होत्या, ती देईना. त्याने तिची वायर तोडून घेतली. एक अख्खा पावसाळा ही बाई त्या दोन खोल्यांत रॉकेलची चिमणी लावून बसली आणि भिंतीपलीकडे दिराच्या घरात झगझगीत दिवे. पोरंबाळं नव्हती. माहेर चिकोडीच्या पलीकडे, भाऊ कोर्टकचेरीला घाबरणारा. तरी ती हटली नाही. शेवटी दीरच थकला आणि कोल्हापूरला निघून गेला. ही गोष्ट ती दर वेळी ओट्यावर सांगायची आणि शेवट नेहमी एकच असायचा. “माझ्या घरातला दिवा त्येच्या हातात हुता. आता कुणाच्या बी हातात न्हाय.”

ऐकणाऱ्या बायका पदराने डोळे टिपायच्या. मला विचाराल तर, ज्याने अंधार भोगला आहे त्याने तो दुसऱ्याला पुरवू नये. पण मला कुणी विचारलं नाही.

दीपंकर माझ्यासारखा नाही. तो शांत आहे, त्याचा मला कधीकधी रागही येतो. मशीन आल्यावर ते घराला कसं जोडलंय हे त्याने बोळातून वाकून बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर होती. एक टोक मशीनमध्ये, दुसरं टोक भिंतीतल्या प्लगात. म्हणजे मशीनचा करंट उलट्या वाटेने सगळ्या घरात खेळायचा. अशा वेळी घराचा मेन स्विच चालू राहिला तर तोच करंट मीटरमधून बाहेर पडतो आणि खांबावर जातो. आणि खांबावर तेव्हा दीपंकरसारखा कुणीतरी असतो.

तो तिच्या दारात जाऊन म्हणाला, “आक्का, ह्येला चेंजओव्हर बसवून घ्या. मी माणूस देतो. मग मशीन आणि लाईन एकमेकांस्नी भेटतच न्हाईत.”

“काय करतंय ते?”

“एक खटका आसतोय. हिकडं केला की लाईन, तिकडं केला की मशीन.”

“आणि मधी?”

“मधी काय न्हाय. मधी येक क्षण बंद.”

“मग नगं,” ती म्हणाली. “तू तुझं खांब बघ.”

तरीही तो गेला नाही. त्याने तिला मेन स्विचपाशी नेऊन पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. लाईट गेली की आधी मेन खाली, मग मशीन चालू. लाईट आली की आधी मशीन बंद, मग मेन वर. ती शाळेतल्या पोरीसारखी त्याच्यामागून म्हणत होती. लाईनमन म्हणून तो तिच्या माजघरापर्यंत जाऊ शकला. परत आल्यावर मला हसत म्हणाला, “बघ ताई, मी आत जाऊन आलो.” मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

वैशाखातली गोष्ट. दुपारभर तापून संध्याकाळी वळीव आला, गारा पडल्या, आणि वखारीच्या आवारातल्या चिंचेची एक मोठी फांदी मोडून तारेवर आली. शेवटच्या खांबाच्या अलीकडे तार तुटली. पाऊस थांबला तरी वारा होताच. गल्ली अंधारात. बोळात दोरी ओढली गेली आणि मशीन सुरू झालं. मी दिवा काढायला फळीकडे गेले तेवढ्यात दीपंकर दारात आला, पायातले बूट न काढता.

“आपल्याच गल्लीत तार तुटलीय. भरमूला ट्रान्सफॉर्मरकडं पाठवलंय. च्या ठेव, लगेच येतो.”

भरमू हा त्याच्या हाताखालचा कंत्राटी माणूस, पन्नाशीचा, नोकरी कधीही जाईल या भीतीने कायम अर्धा वाकलेला. दोघांची कामाची रीत ठरलेली होती. भरमूने ट्रान्सफॉर्मरवरचे फ्यूज काढायचे आणि मग गल्लीतून मोठ्याने ओरडत यायचं, “करंट बंद! करंट बंद!” ती हाक कानावर आल्याशिवाय दीपंकर तारेला हात लावत नसे. लोकांनाही कळायचं की लाईनवर माणूस आहे. सगळ्या निपाणीत ते दोघे असंच काम करत आलेले.

मी स्टोव्हवर आधण ठेवलं. खिडकीखाली मशीन धडधडत होतं. त्यावरून, वाऱ्यावरून, लांबून भरमूची हाक आली. “करंट बंऽऽद...” शेवटचं अक्षर वाऱ्याने नेलं. आता दीपंकर खांबावर असेल, हाक ऐकून कामाला लागला असेल, हे माझ्या मनात आलं.

आणि आमच्या घरातला पंखा फिरला. दिवाही लागला, जरा पिवळट. मी मोठ्याने म्हणाले, “आली बाई लाईट!”

त्याच वेळी बाहेरून तो आवाज आला. माणसाचा आवाज असा येतो हे मला माहीत नव्हतं.

मी धावत बाहेर आले. दीपंकर खांबावर कमरेच्या पट्ट्याला लटकत होता, मान खाली, आणि उजवा हात तारेला चिकटलेला. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही. मग मशीन थांबलं. त्याचा हात सुटला. धोंडूबाईचं घर अंधारात गेलं, आमचंही गेलं, आणि बोळातून तिचा आवाज आला, “कुटं आलाय करेंट? कोण मेला वरडला गं?”

काय झालं होतं ते लोक त्याला खाली उतरवत असतानाच कळलं. बाईने मशीन चालू असतानाच मेन वर केला होता. आधी मेन वर केला, मग पायऱ्या उतरून बोळात आली, मग मशीन बंद केलं. तिला पायऱ्या उतरायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ माझा भाऊ तारेला होता. तार तुटलेली, त्यामुळे तिच्या मशीनचा करंट गल्लीत पसरला नाही, त्याला जायला दोनच जागा होत्या. एक आमचं घर आणि एक दीपंकरचा हात. आम्ही शेजारी आलो तेव्हापासून त्या घरातून आमच्या घरात वाटीभर खीरसुद्धा कधी आली नव्हती. पहिल्यांदा जे आलं ते हे.

बेळगावच्या दवाखान्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. अंगठ्यात जोर राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप. दीपंकरने पहिला प्रश्न विचारला तो खांबावर चढता येईल का, हा. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी दीपंकरकडे बघू शकले नाही.

तो घरी आल्यावर खात्याचा इन्स्पेक्टर चौकशीला आला. गल्लीतच खुर्च्या मांडल्या. माझ्या मनात एकच होतं, ही बाई सुटता कामा नये. तिला शिक्षा झालेली मला बघायची होती, आणि हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही. धोंडूबाई पांढरं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून बसली होती. दीपंकर आमच्या पायरीवर, बांधलेला हात छातीशी धरून.

“मेन का वर केला?” इन्स्पेक्टरने विचारलं. तो कानडी, पण मराठी चांगलं बोलत होता.

“करेंट आला म्हणून सांगिटलं की त्येनं,” धोंडूबाईने भरमूकडे बोट केलं. “वरडत आला. करेंट बंत, करेंट बंत म्हणून.”

मी ताडकन उठले. “खोटं आहे! तो ‘बंद’ म्हणाला. सगळ्या गल्लीने ऐकलंय.”

ज्यांना कानडी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. कानडीत ‘बंत’ म्हणजे आला. करेंट बंत, म्हणजे करंट आला. आमच्याकडे दोन्ही भाषा एकाच तोंडात नांदतात. धोंडूबाई आमच्याशी मराठी बोलते, पण तिचं माहेर कानडी. शिव्या कानडीत, स्तोत्रं कानडीत, आकडेही कानडीत मोजते. तरी मला ती सरळ सरळ बनाव करते आहे असंच वाटलं. एवढी वर्षं निपाणीत काढलेल्या बाईला ‘बंद’ कळत नाही?

इन्स्पेक्टरने भरमूला ट्रान्सफॉर्मरकडे पाठवलं आणि तशीच हाक द्यायला सांगितली. मशीनही सुरू करायला लावलं, मेन खाली आहे ना हे स्वतः बघून. वारा होताच. भरमू तिकडून ओरडत आला.

“काय ऐकू आलं?” इन्स्पेक्टरने सगळ्यांना विचारलं.

“बंद,” मारुतीराव म्हणाले. ते गल्लीतले सगळ्यात जुने रहिवासी.

“बंत,” शालूबाई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. शालूबाई माझ्या बाजूने साक्ष द्यायला आली होती. “शालूबाई!”

“मी काय करू, मास्तरीण? मला त्या दिवशी बी तसंच आईकू आलं. मी म्हटलं, आली लाईट, आणि बटण दाबून बगितलं. लागली न्हाय.” ती रडकुंडीला आली होती. “आमच्या घरात कानडीच बोलत्यात की गं.”

मग जी सुरुवात झाली. बंद म्हणाला, बंत म्हणाला. ज्या घरात चुलीपुढे मराठी बोलतात ती घरं एकीकडे, कानडी बोलतात ती दुसरीकडे. इतकी वर्षं एकमेकांच्या लग्नात पंगती वाढलेली माणसं एका अक्षरावरून तावातावाने भांडायला लागली. कुणीतरी सीमाप्रश्नही काढला. इन्स्पेक्टरने कपाळाला हात लावला. मग तो भरमूकडे वळला.

“नीट ओरडायला काय झालं तुला? लाईन बंद आहे, खांबावर माणूस आहे, असं पूर्ण सांगता येत नाही?”

भरमूचे हात जोडलेले. “सायेब, आमी पयल्यापासनं आसंच वरडतो जी...”

इन्स्पेक्टरने पेनाचं टोपण काढलं. तो काय लिहिणार हे सगळ्यांना दिसलं. चूक हाकेची. हाक भरमूची. कंत्राटी माणूस, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. माझा भाऊ बोटं घालवून बसला, भरमू पोट घालवून बसणार, आणि ही बाई पांढरं लुगडं सावरत उठून घरात जाणार. तिने ‘बंत’ ऐकलं हे आता मला नाकारता येत नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येत होता.

तेव्हा मला दीपंकरने तिच्याकडून म्हणून घेतलेला तो पाठ आठवला.

“आक्का,” मी म्हणाले. “तुम्ही ‘बंत’च ऐकलं. मान्य. करंट आला असंच तुम्हाला वाटलं. मग आधी मशीन बंद का नाही केलं? ह्याने तुम्हाला शिकवलं होतं. आधी मशीन बंद, मग मेन वर. शिकवलं होतं का नाही?”

“शिकवलं हुतं.”

“मग?”

गोमटेश बेळगावहून आला होता, तो पुढे होऊन म्हणाला, “आत्तीचं वय झालंय, इसरली आसंल.”

“मी काय बी इसरले न्हाय,” धोंडूबाई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. पायरीवर बसलेल्या दीपंकरच्या बांधलेल्या हाताकडे बघत होती. “पयल्या दिसापास्नं मी मेनच आधी वर करते. रोज. आधी मशीन बंद केलं की मधी अंधार हुतोय.”

“किती वेळ?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“मी बोळातनं वर येऊन मेन चढवूस्तवर.”

ती पुढे म्हणाली, “भरमूचं काय बी लिवू नका. त्येनं बंद म्हणू दे न्हाय तर बंत म्हणू दे. मेन मी चढवला.”

इन्स्पेक्टरने लिहून घेतलं. भरमू वाचला. तिच्यावर केस झाली, ती चालेल तेवढी चालेल. लोक म्हणाले, बाई खरी, सगळ्यांसमोर कबूल झाली, सोपं नाही ते. असेल. मला एवढंच ऐकू आलं की बोळातून माजघरात येण्याएवढा अंधार तिला सोसवत नव्हता, म्हणून माझ्या भावाची बोटं गेली. दिराने दिलेला तिचा अंधार तिने जपून ठेवला आणि तो दीपंकरच्या हातावर आणून टाकला. दीर सुखाने कोल्हापुरात आहे.

दीपंकरला खात्याने ऑफिसात बसवलंय. लाईट गेल्याच्या तक्रारी फोनवर घ्यायचं काम. डाव्या हाताने लिहायला शिकतोय. गल्लीतली तार आता दुसराच कुणी जोडतो, आणि दीपंकर खिडकीतून त्याच्याकडे मान वर करून बघत राहतो. तो त्याला सूचना देत नाही. मला ते बघवत नाही.

मशीन अजून बोळात आहे, गोणपाट टाकून ठेवलेलं. त्या दिवसापासून तिने ते लावलेलं नाही. गोमटेशने चेंजओव्हर बसवून देतो म्हणून सांगितलं, तरी नाही. लाईट गेली की गल्लीतल्या सगळ्या घरांसारखं तिचंही घर काळंमिट्ट. ओट्यावर कुणी जात नाही. बायका म्हणतात, ती आत माजघरात नुसती बसून असते. मला तिची दया येईल म्हणून त्या वाट बघतात असं वाटतं.

परवा लाईट गेली. मी फळीवरचा एक दिवा लावला आणि टेबलावर ठेवला, दीपंकर डाव्या हाताचा सराव करत बसला होता. दुसरा दिवा फळीवरच होता.

“ताई,” तो म्हणाला, “तो दुसरा दिवा तिच्या ओट्यावर ठेवून ये की.”

“तू जा.”

“मी गेलतो मागं. नगं म्हणाली. तू दिलास तर घेईल.”

मी वह्या तपासत बसले. थोड्या वेळाने बोळात कडी वाजली. गंजलेली कडी, ती निघता निघेना. मग झडप कुरकुरली. मी मान वर केली. समोरची, इतकी वर्षं बंद असलेली तिची खिडकी उघडली होती. आमच्या टेबलावरच्या दिव्याचा उजेड बोळ ओलांडून तिच्या माजघरात, जमिनीवर पडला होता, आणि त्या उजेडाच्या तुकड्याजवळ पाट सरकवून ती बसली होती. तिने आमच्याकडे बघितलं नाही. काही मागितलंही नाही. हात मांडीवर ठेवून, तोंड उजेडाकडे करून बसून राहिली.

दीपंकरनेही बघितलं. त्याने दिवा हळूच टेबलाच्या कडेला, खिडकीच्या बाजूला सरकवला.

मी उठले आणि आमची खिडकी लावून घेतली. कडी घातली.

“गरम होतंय गं,” दीपंकर म्हणाला.

“होऊ दे,” मी म्हणाले.